सूर्याने गोडे केलेले पाणी आणि मागे उरलेले मीठ

चिलीच्या उत्तरेकडील आटाकामा वाळवंटात, लास सालिनास नावाच्या ठिकाणी, १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन या अभियंत्याने काचेच्या छपराखाली खारे पाणी तापवून गोडे पाणी मिळविण्याची यंत्रणा उभारली. लाकडी चौकटी, काळे केलेले उथळ तळ आणि सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काच एवढेच तिचे साहित्य होते. तेथील सोऱ्याच्या खाणींवर राबणाऱ्या खेचरांना पिण्यासाठी तिच्यातून दिवसाला वीस हजार लिटरच्या आसपास पाणी मिळे. वापरात येणारे कच्चे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा चौपट खारे होते, तरीही ही यंत्रणा जवळपास चाळीस वर्षे चालली. भोवताली शेत नव्हते, विहीर नव्हती, पाणथळ नव्हती. मागे उरणारे मीठ ही कोणाची अडचण होण्याचे कारणच नव्हते.

भारतात असे स्थान सापडणे कठीण आहे. हरियाणातील रोहतक-झज्जरचा परिसर, पंजाबातील मुक्तसर, पश्चिम राजस्थान, कच्छ आणि सौराष्ट्र, तसेच अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा या सर्व ठिकाणी भूगर्भातील पाणी खारे आहे आणि वर माणसे, गुरे व पिके नांदत आहेत. ऊन मात्र सर्वत्र मुबलक आहे. त्यामुळे सौरऊर्जेवर चालणाऱ्या निःक्षारीकरणाचा पर्याय पुढे येणे स्वाभाविक आहे. या पर्यायाची शाश्वतता तपासताना चर्चा बहुधा ऊर्जेभोवतीच फिरते. ऊर्जा हा या प्रश्नाचा अधिक सोपा भाग आहे.

पाण्याची वाफ करण्यास मोठी उष्णता लागते. एक लिटर पाण्यामागे सुमारे ०.६५ युनिट, म्हणजे एक घनमीटरमागे साडेसहाशे युनिट. आपल्याकडे चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर पाच ते सहा युनिट ऊर्जा पडते. त्यावरून काढलेली मर्यादा आठ-नऊ लिटरची येते. प्रत्यक्षात काचेच्या साध्या संयंत्रातून तीन लिटरच्या आसपास पाणी मिळते. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवाणिया गावी उभारलेल्या सौर ऊर्ध्वपातन प्रकल्पाचे बाष्पीभवन क्षेत्र सुमारे १,८६७ चौरस मीटर होते आणि क्षमता दिवसाला ५,००० लिटरची. हिशेब तोच येतो. काचेवर बसणारी धूळ, सांध्यांतून निसटणारी वाफ आणि तळावर चढणारा क्षारांचा थर या तीन शत्रूंशी अशा संयंत्रांना सतत झगडावे लागते.

सौर पॅनेल आणि आरओ, म्हणजेच व्यस्त परासरण, यांच्या जोडीने हे चित्र पालटले. येथे पाण्याची वाफ करावीच लागत नाही. दाबाने ते पटलातून ढकलले जाते. समुद्राच्या पाण्यासाठी घनमीटरमागे तीन ते चार युनिट आणि मचूळ भूजलासाठी त्याहूनही कमी वीज पुरते. तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने २००६ मध्ये सांभर सरोवराच्या परिसरातील एका गावात पॅनेलवर चालणारे छोटे आरओ संयंत्र बसविले. ते चालविण्याचे काम गावातील माणसांनीच हाती घेतले, ही त्यातील विशेष बाब. पॅनेलच्या किमती तेव्हापासून कितीतरी उतरल्या आहेत. पटले काही वर्षांनी बदलावी लागतात आणि ढगाळ दिवसांसाठी टाकी किंवा बॅटरी लागते. परंतु हे सोडविता येण्याजोगे, खर्चाचे प्रश्न आहेत.

एक गाव आणि एक हेक्टर गहू

मिठाचा प्रश्न तसा नाही. मीठ नाहीसे होत नाही, केवळ जागा बदलते. तो समजण्यासाठी एक हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल.

दोन हजार वस्तीचे एक गाव घ्यावे. माणशी पाच लिटर पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी धरल्यास दिवसाला दहा घनमीटर, वर्षाला ३,६५० घनमीटर गोडे पाणी लागेल. आता एक हेक्टर गहू घ्यावा. त्याला एका हंगामात सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे ४,००० घनमीटर पाणी द्यावे लागते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे पाच ग्रॅम क्षार असतील आणि संयंत्र शंभरातील सत्तर भाग पाणी गोडे करून देत असेल, तर गावामागे वर्षाला २६ टन आणि गव्हामागे एका हंगामात २८ टनांहून अधिक मीठ मागे उरते. एका बाजूला दोन हजार माणसांची वर्षभराची तहान आहे आणि दुसऱ्या बाजूला चाळीसएक क्विंटल धान्य. समुद्राचे पाणी वापरून तोच गहू पिकवायचा झाल्यास दहा हजार घनमीटर पाणी उपसावे लागेल आणि ३५० टन मिठाची विल्हेवाट लावावी लागेल.

विजेच्या बाजूने पाहिल्यास हाच गहू अशक्य वाटत नाही. समुद्राच्या पाण्यासाठी त्याला चौदा हजार युनिट लागतील; चार महिन्यांत ती देण्यास तीस किलोवॅटच्या आसपासची पॅनेल पुरतील आणि त्यांचे क्षेत्र दीडशे-दोनशे चौरस मीटरच असेल. काचेच्या जुन्या संयंत्राने तेच काम करायचे तर एक हेक्टर शेतासाठी एक हेक्टरहून अधिक काच अंथरावी लागली असती. पॅनेलने येथे खरोखर मोठी मजल मारली आहे. पाण्याच्या दराशी मात्र गहू टिकत नाही. जगातील सर्वांत स्वस्त समजल्या जाणाऱ्या आखाती देशांतील प्रकल्पांचा दर घनमीटरला पंचवीस-तीस रुपयांच्या घरात आहे. तीस रुपये धरले तरी हेक्टरी १,२०,००० रुपये केवळ पाण्याचे होतात, आणि चाळीस क्विंटल गव्हाचे २०२५-२६ च्या २,४२५ रुपये हमीभावाने ९७,००० रुपये मिळत.

जगभरातील चित्र याच दिशेने बोट दाखविते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १५,९०६ कार्यरत संयंत्रे मिळून दिवसाला ९.५ कोटी घनमीटर गोडे पाणी देत होती आणि १४.२ कोटी घनमीटर तीव्र खारे पाणी बाहेर टाकत होती. म्हणजे मुख्य उत्पादन दुय्यम आणि टाकाऊ अधिक. किनाऱ्यावर हे पाणी समुद्रात सोडण्याची सोय असते. खोल पाण्यात, अनेक छिद्रांच्या नळीतून, प्रवाहाचा अभ्यास करून ते सोडले तर हानी मर्यादित ठेवता येते. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अकोल्याला किंवा रोहतकला तो मार्ग नाही.

तेथे प्रत्यक्षात तीनच गोष्टी घडतात. पाणी नाल्यात सोडले जाते आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते. ते खड्ड्यात मुरते आणि ज्या भूजलातून उपसले त्याच भूजलात परतते, त्यामुळे संयंत्राला दरवर्षी अधिक खारे पाणी गोडे करावे लागते. किंवा ते तळ्यात साठवून उन्हात आटविले जाते. तिसरा मार्ग तिन्हींत जबाबदारीचा आहे, पण फुकटचा नाही. वर उल्लेखिलेल्या एक हेक्टर गव्हामागे सुमारे १,७०० घनमीटर खारे पाणी उरते. वर्षाकाठी निव्वळ दीड मीटर बाष्पीभवन गृहीत धरल्यास ते आटविण्यास साडेअकराशे चौरस मीटर तळे लागेल, म्हणजे शेताचा दहावा हिस्सा त्यातच जाईल. त्या तळ्याला पक्के अस्तर हवे. काळ्या चिकण जमिनीत सोडियम झिरपले की मातीच्या कणांची रचना मोडते, पाणी मुरत नाही, आणि अशी जमीन पुन्हा सुधारण्यास जिप्सम, निचरा व कित्येक वर्षे द्यावी लागतात.

आटणाऱ्या तळ्यात काय जगते

बाष्पीभवनाचे तळे कागदावर मृत दिसते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ते तसे नसते. वनस्पती आणि मासे हटले तरी शेवाळ राहते, शेवाळावर कीटकांच्या अळ्या वाढतात आणि त्या अळ्यांवर पक्षी उतरतात. स्पर्धक थोडे असल्याने जी जाती तेथे टिकते तिची संख्या अफाट होते. या साखळीने कोणती किंमत वसूल केली जाऊ शकते, याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण कॅलिफोर्नियातील केस्टरसन तळ्यांचे आहे.

सॅन होकीन खोऱ्याच्या पश्चिम भागातील सिंचित शेतांखाली खारे पाणी चढू लागले, म्हणून जमिनीखाली निचरा नळ्या घालण्यात आल्या. तो निचरा एका कालव्याने केस्टरसन येथील उथळ तळ्यांत सोडण्यात येई आणि ती तळी वन्यजीव आश्रयस्थानाचा भाग होती. हे निःक्षारीकरण नव्हते, परंतु खाऱ्या कृषिजलाला उन्हात आटविण्याची रीत हीच होती. १९८३ मध्ये तेथील घरट्यांची पाहणी करताना चांदवे, शेकाटे व बदके यांच्या अंड्यांत डोळे नसलेली, चोच वाकडी झालेली, पाय खुंटलेली पिल्ले आढळली. कारण मीठ नव्हते, सेलेनियम होते.

तेथे येणाऱ्या निचऱ्यात लिटरमागे सरासरी ३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास सेलेनियम होते. जलचरांच्या रक्षणासाठी अमेरिकेने १९८७ मध्ये ठरविलेला मानदंड पाच मायक्रोग्रॅमचा होता. तरीही केवळ ते पाणी पिण्याने इतका घात झाला नसता. पाण्यात विरघळलेले सेलेनियम शेवाळ व जिवाणूंनी शोषून सेंद्रिय रूपात बदलले. ते शेवाळ खरवडून खाणाऱ्या, डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या, खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या एफिड्रा गटातील माश्या, वल्ह्यासारख्या पायांचे जलढेकूण आणि टाचणीची पिल्ले यांच्या शरीरात ते पाण्यापेक्षा हजारो पटींनी साठले. विणीच्या हंगामात मादी पक्ष्यांना प्रथिनांची गरज असते आणि याच काळात त्या असे कीटक भरपूर खातात. विष अंड्यात उतरले ते या वाटेने. पाण्याचे नमुने पाहणाऱ्याला धोक्याचा अंदाज आला असता, परंतु त्याचे खरे माप अळीच्या शरीरात होते. १९८६ मध्ये तेथे निचरा सोडणे थांबविण्यात आले आणि पुढे सखल तळी मातीने भरण्यात आली.

हे उदाहरण दूरचे म्हणून बाजूला ठेवता येत नाही. पंजाबात नवांशहर व होशियारपूरच्या काही भागांत सेलेनियमयुक्त जमिनी आहेत आणि तेथील पिके व जनावरांवर दिसणारे परिणाम कृषी संशोधकांनी दीर्घकाळ नोंदविले आहेत. अन्यत्र भूजलात फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट किंवा युरेनियम आहे. निःक्षारीकरण संयंत्र यांतील बहुतेकांना गोड्या पाण्यातून चांगले वेगळे करते. त्यासाठीच ते अनेकदा बसविले जाते. जे वेगळे केले ते तळ्यात दाट होत जाते, ही दुसरी बाजू प्रकल्प अहवालात क्वचितच लिहिलेली असते. एकूण क्षारांचा एकच आकडा पाहून तळ्याला परवानगी देणे अपुरे आहे.

डासांचा मुद्दाही येथे येतो. समुद्राच्या पाण्याहून बरेच खारे झालेले तळे बहुतेक डासांना मानवत नाही. परंतु गावातील आरओ संयंत्रातून निघणारे पाणी आरंभी इतके तीव्र नसते. ते मचूळच असते आणि संयंत्रामागील खड्ड्यात किंवा गटारात साचते. ॲनोफिलिस सबपिक्टस व क्युलेक्स सिटिएन्स यांसारख्या, मचूळ पाण्यात सहज वाढणाऱ्या जातींना असे डबके सोयीचे ठरते. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्राने तापाला आमंत्रण द्यावे, हा विरोधाभास टाळण्यासाठी मोठा खर्च लागत नाही: ते पाणी उघड्यावर न साठविता बंद नळीने थेट अस्तर केलेल्या तळ्यात नेले आणि तळ्याची काठे उभी व तणमुक्त ठेवली तरी पुष्कळ साधते.

गोड्या पाण्यात काय उणे असते

मीठ मागे ठेवताना संयंत्र पिकाला हवे असलेले काही घटकही मागेच ठेवते. इस्रायलमधील अश्कलोन येथील मोठे आरओ संयंत्र २००५ मध्ये सुरू झाले आणि त्याचे पाणी शेतीलाही मिळू लागले. त्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ नव्हतेच. पूर्वी सिंचनाच्या पाण्यातूनच ते आपोआप मिळत असल्याने कोणी खतातून देत नसे. टोमॅटो, तुळस व फुलपिकांवर त्याच्या कमतरतेची लक्षणे दिसू लागली. दुसरी अडचण बोरॉनची. समुद्राच्या पाण्यातील बोरॉन साध्या आरओ पटलातून बऱ्याच अंशी पार होते आणि लिटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत राहिल्यास संवेदनशील पिकांना बाधते. अश्कलोनला ते वेगळ्या टप्प्यात काढावे लागले. गंमत अशी की वर हिशेबात घेतलेल्या दहा हजार घनमीटर समुद्रजलात सुमारे तेरा टन मॅग्नेशियम आणि चार टन पोटॅशियम असते. ते सर्व टाकाऊ पाण्यात जाते आणि शेतकरी खताच्या दुकानात जातो.

या ठिकाणी भारताकडे एक जुने कौशल्य आहे. कच्छच्या छोट्या रणातील अगरिया आणि कोकण किनाऱ्यावरील मिठागरांतील आगरी पाणी उडवितात व मीठ ठेवतात. निःक्षारीकरण पाणी ठेवते व मीठ टाकते. दोन्ही एकाच कामाचे दोन अर्धे भाग आहेत. मिठागराला दुप्पट तीव्रतेचे पाणी आयते मिळाले तर बाष्पीभवनाचे निम्मे काम आधीच झालेले असते. मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू द्रावातून पोटॅशियम सल्फेट मिळविण्याचे तंत्र भावनगरच्याच संस्थेने विकसित केले आहे, आणि भारत आपली पालाशाची गरज बहुतांशी आयातीवर भागवितो. मिठागरांच्या मधल्या, मध्यम तीव्रतेच्या वाफ्यांत आर्टेमिया हा सूक्ष्म कवचधारी जीव वाढविता येतो. कोळंबीच्या बीजकेंद्रांत त्याच्या पिल्लांना मोठी मागणी असते. अर्थात हे सर्व समुद्राच्या पाण्याबाबत खरे आहे. सेलेनियम किंवा आर्सेनिक असलेल्या भूजलाच्या तळ्यात खाद्य वाढविणे म्हणजे केस्टरसनची चूक जाणूनबुजून करणे होय.

मीठ कमी उरावे असाही प्रयत्न आहे. अमेरिकेतील एमआयटी आणि जळगावची जैन इरिगेशन यांच्या चमूने सौर पॅनेलवर चालणारी इलेक्ट्रोडायलिसिस यंत्रणा विकसित केली; तिला २०१५ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या निःक्षारीकरण स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. विजेच्या क्षेत्राने क्षारांचे आयन पटलांतून ओढून घेणारी ही पद्धत सौम्य खाऱ्या पाण्यासाठी आरओपेक्षा कमी वीज घेते आणि शंभरातील नव्वद भाग पाणी वापरण्याजोगे देऊ शकते. क्षारांचे वजन तेवढेच राहते. आटविण्याचे पाणी मात्र तिपटीने घटते आणि तळेही त्या प्रमाणात लहान होते. याउलट टोक लक्षद्वीपमध्ये दिसते. कवरत्ती येथे २००५ पासून राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे, दिवसाला एक लाख लिटरचे संयंत्र उन्हाने तापलेले समुद्रपृष्ठाचे पाणी आणि खोलवरचे थंड पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालते. पुष्कळ पाण्यातून अगदी थोडे गोडे पाणी काढले जात असल्याने समुद्रात परतणारे पाणी जेमतेमच अधिक खारे असते. पंपांना लागणारी बेटावरील वीज मात्र मुख्यतः डिझेलची राहिली, ही उणीव.

शेतीसाठी ही पद्धत कोठे परवडते, याचे उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा येथील सनड्रॉप फार्ममध्ये मिळते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात आरशांनी वेढलेला सौर मनोरा वीस हेक्टर हरितगृहांना उष्णता, वीज आणि समुद्राच्या पाण्यापासून वर्षाला सुमारे ४,५०,००० घनमीटर गोडे पाणी देण्यासाठी उभारला गेला. उद्दिष्ट वर्षाला १५,००० टन टोमॅटोचे होते. म्हणजे एक घनमीटर पाण्यामागे तेहतीस किलो टोमॅटो. गव्हाचा हिशेब घनमीटरला एका किलोचा आहे. (परागीभवनाचा खर्च वेगळाच, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर बम्बल मधमाश्यांना परवानगी नसल्याने तेथील हरितगृहांत टोमॅटोची फुले माणसांना हलवावी लागतात.) रोपवाटिका, हरितगृहातील भाजीपाला व बियाणे उत्पादन येथपर्यंत हे पाणी पोहोचू शकते. उघड्या रानातील गहू, हरभरा किंवा कपाशीपर्यंत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात म्हणूनच दोन पाण्यांचा वेगळा विचार करावा लागतो. शेतासाठी पावसाचे पाणी अस्तराच्या शेततळ्यात धरून हरभऱ्याला एक-दोन संरक्षित ओलिते देणे हा मार्ग तेथे रुळत आहे. समुद्राचे पाणी उन्हाने उचलून, मीठ समुद्रातच ठेवून, पावसाळा ते दारात आणून टाकतो आणि त्यामागे टाकाऊ काहीच उरत नाही. पिण्यासाठी, जेथे नळाचे पाणी पोहोचत नाही, तेथे सौर संयंत्र योग्य ठरते. तेव्हा २६ टन मीठ कोठे जाणार, हे संयंत्राच्या क्षमतेआधी ठरवावे: तळ्याचे क्षेत्र व अस्तर, साचलेले मीठ दर काही वर्षांनी उचलण्याची तरतूद, आणि कच्च्या पाण्यातील सेलेनियम, फ्लोराइड, आर्सेनिक व बोरॉन यांची बांधकामापूर्वीची तपासणी. तळे भरल्यावर दर महिन्याला पाण्याच्या बाटलीबरोबर तळाच्या गाळातील अळ्यांचा एक नमुनाही प्रयोगशाळेत जावा. हातजाळी, चाळणी आणि अल्कोहोलची कुपी एवढेच त्यासाठी लागते, आणि कृषी विज्ञान केंद्रातील तंत्रसाहाय्यक अर्ध्या दिवसात चार तळ्यांचे नमुने घेऊ शकतो.